वाचक विचारतात: त्वचा घट्ट करून घेण्याआधी आणि नंतर

सैल पडलेली त्वचा शस्त्रक्रियेशिवाय घट्ट करून देणाऱ्या उपचारांबद्दल आलेल्या पत्रांत ‘कोणतं मशीन सगळ्यात भारी?’ हा प्रश्न सर्वांत जास्त. त्याला आम्ही मुद्दाम बगल दिली आहे. मशीनचं काम तासाभरात उरकतं. चेहऱ्यावर डाग राहणार की नाही, हे मात्र बरेचदा आधी महिनाभर काय लावलं आणि नंतर महिनाभर किती ऊन घेतलं यावर ठरतं. म्हणून या वेळी त्याच प्रश्नांना जागा दिली आहे.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून आधी एवढं. हायफूमध्ये ध्वनिलहरी त्वचेखाली एका बिंदूवर एकवटतात, वरची त्वचा शाबूत राहते. आरएफमध्ये रेडिओलहरींनी त्वचा आतून तापवतात. एमएनआरएफमध्ये तीच उष्णता बारीक सुया टोचून आत पोचवतात, म्हणजे त्वचेला शेकडो छिद्रं पडतात. तिन्हींचं मूळ तत्त्व एक: साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापलेलं कोलॅजन (त्वचेला ताठ ठेवणारं प्रथिन) आक्रसतं आणि शरीर त्या जागी पुढचे काही महिने नवं कोलॅजन विणत राहतं.

मुलीचं लग्न डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. हनुवटीखालची त्वचा ओघळली आहे. हायफू कधी करावं? हळदीच्या आधी केलं तर चालेल का? — वाचक, ठाणे (वय ५२)

गणपतीची धावपळ आटोपली की लगेच वेळ घ्या. सप्टेंबर उत्तम, फार तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हायफूचे बिंदू (त्यांनाच शॉट म्हणतात) १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर खोलीवर पाडतात. सगळ्यात खोल बिंदू त्या पडद्यावर पडतो, जो फेसलिफ्टमध्ये सर्जन ओढून घेतात. तिथलं नवं कोलॅजन नजरेला जाणवायला दोन महिने लागतात, पूर्ण फरक तीन ते सहा महिन्यांत. लग्नाच्या आठ दिवस आधी हायफू केलंत, तर फोटोत फक्त सूज येईल.

त्याआधी एक साधी परीक्षा घरीच करा. आरशासमोर बसून हनुवटीखालची त्वचा चिमटीत धरा. हलकी सैल घडी आली तर हायफूला वाव आहे. भरघोस, लोंबणारी घडी हातात आली तर कितीही शॉट मारले तरी ती जाणार नाही, पैसे मात्र जातील. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असल्या पहिल्या मशीनला २००९ मध्ये मान्यता दिली ती भुवई थोडी वर उचलण्यापुरती, हनुवटीखालचा भाग आणि मान त्यात आली २०१२ मध्ये. जाहिरातीत मात्र त्याचा ‘बिनटाक्यांचा फेसलिफ्ट’ होतो.

आधीच्या पंधरा दिवसांत फेशियल, ब्लीच, पील काही नको. वॅक्सिंग आणि थ्रेडिंग सात दिवस आधी थांबवा. दाढ काढणं, रूट कॅनाल अशी मोठी कामं दोन आठवडे आधी संपवा किंवा नंतर करा. हायफूने जबड्याचं हाड तसंही दुखतं, त्यात दाताच्या दुखण्याची भर पडली की कोणतं दुखणं कशाचं हे कळेनासं होतं. फिलर (गाल, ओठ भरीव दिसायला टोचतात ते जेल) भरून घेतलं असेल तर कुठे, कधी आणि कशाचं, हे डॉक्टरांना सांगा. नवं भरायचं असेल तर आधी हायफू, मग फिलर. लग्नासाठी बोटॉक्सही घ्यायचं ठरवलं असेल तर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्या, त्याचा असर पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात.

हळदीचं म्हणाल, तर सप्टेंबरच्या हायफूनंतर डिसेंबरची हळद खुशाल लावून घ्या. एमएनआरएफ असेल तर मात्र मधे किमान दहा दिवस हवेत. हळदीच्या वाटीत दहा जणींचे हात बुडतात, शिवाय वाळलेली हळद चोळून काढली जाते. उघड्या छिद्रांवर या दोन्ही गोष्टी नकोत.

रोज रात्री रेटिनॉल, सकाळी व्हिटॅमिन सी, आठवड्यातून दोनदा ग्लायकोलिक अ‍ॅसिड आणि अधूनमधून मेडिकलमधून आणलेलं गोरं होण्याचं क्रीम लावते. यातलं काय बंद करू? — वाचक, नाशिक (वय ४६)

पहिल्या तिघांचं सोपं आहे. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अडापालीन यांपैकी जे लावत असाल ते एमएनआरएफच्या सात दिवस आधी थांबवा. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, दाणेदार स्क्रबही तसंच. व्हिटॅमिन सी तीन दिवस आधी सोडा. नुसतं हायफू असेल तर तीन-चार दिवसांचा खंड पुरतो. या सगळ्यांनी वरचा थर चिडका होऊ शकतो, त्यावर उष्णता पडली की लाली लांबते आणि लाली लांबली की सावळ्या त्वचेत डाग धरतो. पुन्हा सुरू करायचं ते चेहरा पूर्ण शांत झाल्यावर: हायफूनंतर साधारण आठवड्याने, एमएनआरएफनंतर दहा ते चौदा दिवसांनी, आणि तेही एका वेळी एकच.

खरी गोष्ट चौथ्या क्रीमची आहे. ट्यूबच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं भिंगाने वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतला एकही शब्द दिसला तर ते स्टेरॉइड आहे. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो म्हणून शेजारीण शेजारणीला सांगते आणि ट्यूब घरोघरी पोचते. २०१८ मध्ये अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली गेली, तरी काउंटरवर ती सर्रास मिळतात. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा सिगारेटच्या कागदासारखी पातळ होते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसतं, उन्हात गेलं की आग होते. अशा चेहऱ्यावर उष्णतेचं कुठलंही मशीन लावणं म्हणजे आगीत तेल.

आणि हे क्रीम उपचाराच्या आठवडाभर आधी झटक्यात सोडलंत तर दुसरीच पंचाईत. चेहरा उलट उसळतो: लाली, जळजळ, पुटकुळ्यांचा भर. डॉक्टर याला मशीनची रिअ‍ॅक्शन समजतील, तुम्हीही समजाल. म्हणून ट्यूब पिशवीत घालून घेऊन जा आणि दाखवा. लाज वाटायचं काही कारण नाही, रोज बाह्यरुग्ण विभागात अशा ट्यूबा निघतात. ती हळूहळू कमी करत बंद करायला आणि त्वचा सावरायला बरेचदा दोन-तीन महिने जातात. तेवढे जाऊ द्या. तोवर सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील तर तेही सांगा. त्यावरून उपचार रद्दच होतो असं नाही, पण कोणता करायचा आणि किती तीव्र, हे बदलतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हाच एमएनआरएफ करावं म्हणते. स्कूटीवर येणं-जाणं आहे, पण स्कार्फ बांधते. चालेल ना? — वाचक, नागपूर (वय ४४, शिक्षिका)

नागपूरचा मे आणि ताजी टोचलेली त्वचा, ही जोडी आम्हाला पसंत नाही. दिवाळीची सुट्टी निवडा. उन्हाळ्यात करता येत नाही असं नाही, पण मग सुट्टी खरोखरच घरात काढावी लागेल.

स्कार्फबद्दल गैरसमज मोठा आहे. सुती ओढणीचा एक पदर उजेडासमोर धरून पाहा, पलीकडचं बोट दिसत असेल तर तेवढं ऊनही आत येतंच. त्याहून वाईट म्हणजे घासणं. घामाने ओला झालेला कपडा गालावर अर्धा तास घासत राहतो, हेल्मेटचा पट्टा नेमका जबड्याच्या रेषेवर रुततो, आणि त्याच जागी पुढे तपकिरी पट्टा उमटतो. एमएनआरएफनंतर पहिले तीन-चार दिवस स्कूटी नकोच. हेल्मेट काढून चालवा असं आम्ही म्हणणार नाही; रिक्षाने जा. नंतरही स्कार्फ सैल आणि दुपदरी ठेवा, खाली सनस्क्रीन हवंच.

सनस्क्रीनच्या नंबरावर सगळे वाद घालतात, मापाकडे कुणी पाहत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक पट्टी काढा. चेहरा आणि मानेची पुढची बाजू यांना एका वेळी एवढं लागतं. वाटाण्याएवढ्या ठिपक्यात एसपीएफ ५० चं मोल पुष्कळच घसरतं. या मापाने दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभराच्या आत संपते. तुमची गेल्या दिवाळीची अजून चालू असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, त्याचा नैवेद्य दाखवता.

एसपीएफ ३० किंवा ५०, पीए (यूव्हीए या अतिनील किरणांपासून बचावाची खूण) याच्यापुढे किमान तीन अधिकची चिन्हं, आणि शक्यतो रंगछटा असलेलं घ्या. ती छटा आयर्न ऑक्साइडची असते. साधं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, पण सावळ्या त्वचेत डाग गडद करणारा दृश्य प्रकाशही असतो, तो हे ऑक्साइड अडवतं. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. खिडकीजवळ बसत असाल तर घरातही, काचेतून यूव्हीए आत येतो. एमएनआरएफनंतर पहिले २४ तास मात्र सनस्क्रीन नाही, कारण छिद्रं उघडी असतात. तो दिवस पडदे ओढून काढायचा. ही सवय उपचाराच्या चार आठवडे आधी लावून घ्या. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर शहाणे डॉक्टर मशीन लावतच नाहीत, पुढची तारीख देतात.

एमएनआरएफच्या दिवशी आणि नंतर नेमकं काय करायचं, तासातासाने सांगाल का? क्लिनिकमध्ये एक कागद दिला, त्यावर फक्त ‘काळजी घ्यावी’ असं लिहिलंय. — वाचक, पुणे (वय ४१)

सकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. क्रीम, तेल, काजळ काही नको. पोटभर नाश्ता करून जा, रिकाम्या पोटी गरगरतं. मंगळसूत्र, कानातलं, नथ, साखळ्या घरी काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला मन धजत नाही हे माहीत आहे, पण रेडिओलहरींच्या वाटेत धातू आला की तिथे भाजू शकतं. टिकलीही काढा.

बधिर करणारं क्रीम बहुतेक ठिकाणी लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के यांचं मिश्रण असतं. जाड थर, वर पातळ प्लास्टिक, ४५ ते ६० मिनिटं. हे घरून लावून येऊ नका. चेहरा-मान-छाती असं मोठं क्षेत्र आणि तासन्‌तास थर, असं झालं तर औषध रक्तात जास्त उतरतं. ओठ निळसर पडणं, धाप, चक्कर ही त्याची लक्षणं. सुया लावण्याआधी हे क्रीम पूर्ण पुसलं आहे ना, हे स्वतः गालावरून हात फिरवून पाहा. चिकट लागलं तर तिथेच थांबवा, नाहीतर ते सुईबरोबर आत जाईल.

पहिले चार तास चेहरा तापलेला, लालभडक, दुपारभर उन्हात बसल्यासारखा. थंड सलाइनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. बर्फ थेट लावू नका, बधिर त्वचेला गारठल्याचं कळत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बरेच डॉक्टर टाळायला सांगतात, कारण नवं कोलॅजन ज्या दाहातून तयार होतं तोच दाह त्या दाबतात.

त्या रात्री पाणी लावायचं नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम धुतलेल्या हातांनी, न चोळता, थापून लावा. उशीचा अभ्रा धुतलेला, उशी नेहमीपेक्षा एक जास्त. मोबाइल गालाला टेकवू नका, स्पीकरवर बोला. ही बारीक गोष्ट वाटते, पण फोनची काच दिवसभरात किती हातांतून जाते ते आठवा.

दुसऱ्या दिवशी कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश, टॉवेलने न पुसता टिपणं, सिरॅमाइड असलेलं बिनवासाचं मॉइश्चरायझर, वर सनस्क्रीन. मेकअप ४८ तासांनंतर, तोही धुतलेल्या ब्रशने. तिसऱ्या दिवशी त्वचा सँडपेपरसारखी खरखरीत लागते, जवळून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढ्या तपकिरी खपल्यांच्या सरळ रांगा दिसतात. चौथ्या ते सातव्या दिवसात त्या आपोआप गळतात. नखाने एकही काढायची नाही. डाग धरण्याचं घरगुती कारण बहुतेक हेच असतं: आरसा, उजेड आणि नख.

व्यायाम, वाफ, गरम पाण्याची आंघोळ तीन दिवस नाही, पोहणं आठवडाभर नाही. गॅससमोर तासभर पोळ्या लाटणंही उष्णताच आहे, दोन दिवस दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

घरचे उपाय: आंबेहळद, लिंबू, टूथपेस्ट, डाळीचं पीठ नको. कुंडीतली ताजी कोरफड तर अजिबात नको. पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो, तो धडधाकट त्वचेलाही खाजवतो. आणि केसांचा कलप? उपचाराआधी आठवडाभर किंवा नंतर दोन आठवड्यांनी. त्यातल्या रसायनाची अ‍ॅलर्जी कपाळावर, कानाशी उतरते आणि सगळा दोष सुयांवर येतो.

पुरुषांना वेगळी काही काळजी लागते का? दाढी ठेवतो, तंबाखू खातो. — वाचक, कोल्हापूर (वय ४९)

दाढी आदल्या दिवशी गुळगुळीत करा. हायफूत जेल आणि त्वचा यांच्यात हवा राहिली तर लहरी नीट आत जात नाहीत आणि वरच भाजू शकतं. त्याच दिवशी सकाळी वस्तरा फिरवू नका, ताज्या खरचटण्यावर सुई नको. एमएनआरएफनंतर पुन्हा दाढी खपल्या गळल्यावर, आधी ट्रिमरने.

तंबाखू, मिश्री, सिगारेट, सगळ्यांत निकोटिन आहे. त्याने रक्तवाहिन्या आखडतात, त्वचेला रक्त कमी पोचतं, जखम भरायला उशीर लागतो. आधी दोन आणि नंतर चार आठवडे सोडा. ते जमणार नसेल तर उपचाराचे पैसे वाचवा, असं आमचं स्पष्ट मत. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट बरोबर न्या.

गालांवर वांग आहे आणि त्वचाही सैल आहे. आधी कशावर उपचार करावा? — वाचक, पणजी (वय ४३)

वांगावर. वांग उन्हाने वाढतो तसा उष्णतेनेही वाढतो, त्यामुळे वांग असलेल्या गालावर आरएफ हा जुगार आहे. आधी दोन-तीन महिने वांग स्थिर करा: छटा असलेलं सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं क्रीम, लागल्यास गोळ्या. मग फक्त जबडा आणि मानेचा विचार करा, तोही हायफूचा, कारण त्यात वरचा थर कमी तापतो. तोंडावर ‘जर’ (हर्पिस) येत असेल, म्हणजे ओठाभोवती पाणीदार फोडांचे झुपके, तर तेही आधीच सांगा. सुयांनी तो उफाळून चेहराभर पसरू शकतो, म्हणून विषाणूविरोधी गोळ्या आदल्या दिवसापासून देतात.

हायफू करून सहा दिवस झाले. जबडा दाबला की ठणकतो आणि हसताना खालचा ओठ एका बाजूला नीट खाली जात नाही. घाबरावं का? — वाचक, दुबई (वय ५०)

ठणक्याला घाबरू नका. हाडाजवळ ४.५ मिलिमीटरचे शॉट पडले की जबडा दोन-तीन आठवडे कळा देतो, मुंग्या येतात, त्वचा काही जागी बधिर लागते. ओठाचं मात्र आजच दाखवा. जबड्याच्या कडेवरून खालच्या ओठाला जाणारी चेहऱ्याच्या नसेची एक बारीक फांदी असते. शॉट तिच्यावर किंवा तिच्या फार जवळ पडला की ती तात्पुरती सुस्त होते. खालचे दात दाखवून हसलात की एका बाजूचे दात झाकलेले राहतात, ही तिची खूण. बहुतेकदा काही आठवड्यांत, क्वचित दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते. तोवर त्या बाजूला मालिश, शेक, हायफूचा दुसरा हप्ता (पुढची बैठक) काही नाही. रोज एकाच उजेडात, एकाच हास्याचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना सुधारणा मोजता येईल.

पण आरशासमोर आणखी दोन गोष्टी तपासा. त्याच बाजूचा डोळा पूर्ण मिटतो का? कपाळाला आठ्या पडतात का? डोळा मिटत नसेल तर हा वेगळा आजार असू शकतो आणि त्याची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. चेहऱ्याबरोबर हाताची ताकद कमी वाटली किंवा जीभ जड झाली, तर त्वचेच्या डॉक्टरकडे नव्हे, थेट इमर्जन्सीत जा.

हायफूनंतर दोरीच्या वळासारखे उंच, लांबट पट्टे उठले असतील तर ते शॉट वरच्या थरात तापल्याचे असतात, बहुधा जेल कमी पडलं किंवा प्रोब (मशीनचं त्वचेला टेकवायचं टोक) नीट टेकला नाही म्हणून. लवकर दाखवले तर थोड्या दिवसांच्या औषधाने बसतात. फोड, पांढरा-राखाडी चट्टा, पू, ताप यांसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

सहा महिन्यांत १४ किलो वजन कमी केलं. चेहरा सुकल्यासारखा दिसतो, गाल ओघळले. हायफूने भरून येतील? — वाचक, सांगली (वय ३९)

नाही, उलट आणखी बसू शकतात. तुमच्या गालात कमी झाली आहे ती चरबी, आणि खोल उष्णता उरलीसुरली चरबीही विरघळवू शकते. बारीक चेहऱ्यावर खोल शॉट मारून गाल खड्ड्यात गेल्याची उदाहरणं सगळ्या त्वचातज्ज्ञांना माहीत आहेत, आणि गेलेली चरबी परत येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमएनआरएफबद्दल जो इशारा दिला, त्यातही भाजणं, व्रण आणि नसांची इजा यांच्या जोडीला चरबी झडणं होतं.

आधी वजन तीन महिने एका जागी राहू द्या. प्रथिनं नीट घ्या. मग डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘घट्ट कधी करू?’ हा नाही. ‘इथे भर कमी आहे की त्वचा जास्त आहे?’ हा आहे. भर कमी असेल तर मशीनचं काम नाही.

थोडक्यात विचारलेले

पार्लरमध्ये निम्म्या किमतीत हायफूची ऑफर आहे, घेऊ का? (डोंबिवली) — नका घेऊ. कुठली खोली कुठे वापरायची हे हाताला कळावं लागतं. त्वचारोगतज्ज्ञांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मशीन कुणाचं, कार्ट्रिज (शॉटची खोली ठरवणारा बदलता भाग) कुठल्या खोलीचं, त्यात किती शॉट शिल्लक आहेत, आणि एमएनआरएफ असेल तर सुयांचं टोक तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढणार का, हेही.

सासऱ्यांना पेसमेकर आहे, सासूबाईंबरोबर त्यांनाही करायचंय. (लातूर) — सासऱ्यांना आरएफ आणि एमएनआरएफ नाही. इतर काहीही हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी होकाराशिवाय नाही.

रक्त पातळ करणारी गोळी बंद करू का? (सातारा) — स्वतःहून कधीच नाही. थोडे काळेनिळे डाग परवडले.

टिकली कधीपासून लावू? (इंदूर) — एमएनआरएफनंतर दहा दिवसांनी, आणि चिकटणारीऐवजी कुंकू असेल तर बरं. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो.

एमएनआरएफला सहा आठवडे झाले. गालावर तपकिरी ठिपक्यांची चौकट दिसते, जणू जाळी छापली आहे. क्लिनिक म्हणतं, ‘अजून एक हप्ता करू, जाईल.’ — वाचक, अकोला (वय ४५)

तो हप्ता थांबवा. अशी जाळी उमटते ती सुईच्या तोंडाशी वरचा थर भाजल्याने. कारणं ठरलेली: ऊर्जा जास्त, सुया त्वचेत पूर्ण न शिरता अर्ध्या बाहेर, ऊर्जा चालू असतानाच हात उचललेला, किंवा एकाच जागी दोनदा शॉट. सुईच्या दांड्याला वरून आवरण असेल तर उष्णता फक्त टोकाशी सुटते आणि सावळ्या त्वचेत हे कमी घडतं. तुमच्या वेळी कुठल्या सुया वापरल्या, किती खोलीवर आणि किती ऊर्जेने, याची नोंद मागून घ्या. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मग रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च गालाला समांतर, कानाच्या बाजूने धरा आणि कुणाला तरी बघायला सांगा. ठिपके सपाट असतील तर तो रंग आहे. तीन ते सहा महिन्यांत बहुतेकदा फिकटतो. छटा असलेलं सनस्क्रीन रोज, रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते २० टक्के अझेलिक अ‍ॅसिड, जोडीला नायसिनामाइड. हायड्रोक्विनोन दिलं तर ते नेमके किती आठवडे लावायचं हे चिठ्ठीवर लिहून घ्या. वर्षानुवर्षं लावलं तर त्याच जागी निळसर-काळा रंग बसतो, तो काढणं फार अवघड. घाईने लेझर नको.

टॉर्चच्या उजेडात प्रत्येक ठिपक्याची बारीक सावली पडत असेल, तर तिथे खड्डा आहे, म्हणजे व्रण. त्यावर क्रीमचा उपयोग नाही. सहा आठवडे ही तशी लवकरची वेळ आहे, त्वचा अजून बदलते आहे. तरी आताच दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना आधीचे फोटो, बिलं आणि ती नोंद घेऊन जा.